लाईट लागलाय पण पिंग जात नाही: सर्व्हर आणि स्विचमधलं भांडण सोडवायचं कसं

सर्व्हर आणि स्विच (सगळी मशीन केबलने जोडणारा डबा) यांच्यामधलं नेटवर्क गेलं, म्हणजे पिंगला (उत्तर येतंय का बघायला टाकलेलं छोटं पाकीट) उत्तर नाही आलं, की ऑफिसात लगेच दोन पार्ट्या पडतात, सर्व्हरवाले म्हणतात आमच्याकडे सगळं ओके आहे स्विच बघा, नेटवर्कवाले म्हणतात पोर्ट अप आहे सर्व्हर बघा, आणि छोट्या कंपनीत तर दोन्ही पार्ट्या म्हणजे आपण एकटेच असतो आणि मागे साहेब उभे. बरीच वर्षं हेच करून करून माझा एक नियम झालाय, नवरा-बायकोच्या भांडणात एकाचंच ऐकून निवाडा द्यायचा नसतो तसंच इथेही करायचं. सर्व्हर काय म्हणतोय ते कागदावर लिहा, त्याच पोर्टबद्दल स्विच काय म्हणतोय ते शेजारी लिहा, आणि दोघांच्या जबान्या जिथे जुळत नाहीत तिथे बोट ठेवा. दहापैकी आठ वेळा तिथेच सापडतं. उरलेल्या दोन वेळा दोघंही खरं बोलत असतात आणि आपणच चुकीच्या पोर्टकडे बघत असतो, त्याचं पुढे सांगतो.

मी इथे लिनक्सचा सर्व्हर आणि सिस्को टाईप कमांडचा स्विच धरून लिहितोय कारण माझं रोजचं तेच आहे, तुमचा वेगळा असेल तर कमांड बदलेल, डोकं तेच लावायचं. कमांड उच्चारतात तशा लिहिल्यात, टाईप करताना अर्थातच इंग्रजीत.

सुरू करायच्या आधी एक काम, सर्व्हरच्या कन्सोलवर जायची सोय बघा, आयड्रॅक, आयएलओ (सर्व्हरमधलीच दुरून कन्सोल दाखवणारी सोय) नाहीतर सरळ रॅकपाशी मॉनिटर-कीबोर्ड घेऊन जा. नेटवर्क गेलेल्या सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरूनच, जायला बघणारे लोक मी पाहिलेत, हसू नका, रात्री दोन वाजता कोणालाही होतं. आणि त्या सोयीचा मॅनेजमेंट पोर्ट शेअर्ड मोडमध्ये असेल, म्हणजे वेगळी केबल न लावता मेन कार्डावरूनच चालत असेल, तर तोही सोबतच गेलेला असणार, मग रॅकपाशी जाण्याला पर्याय नाही. दुसरं म्हणजे विचारा की काल चालू होतं का, आणि मधे काय बदललं. "काहीच नाही बदललं" हे उत्तर येणारच, तरी विचारा, पाच मिनिटांनी कोणीतरी हळूच म्हणतं की सकाळी तो एसीवाला रॅकच्या मागे गेला होता.

आता सर्व्हरची जबानी. आयपी लिंक शो मारा. इंटरफेसच्या, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या पोर्टच्या, ओळीत नो-कॅरिअर दिसलं तर सर्व्हर म्हणतोय मी तयार आहे पण समोरून सिग्नल नाही. नो-कॅरिअर पण नाही आणि अप पण नाही, नुसतं डाऊन, तर इंटरफेस सर्व्हरनेच बंद ठेवलाय, आयपी लिंक सेट ईनो१ अप करा (ईनो१ हे माझ्या इंटरफेसचं नाव, तुमचं वेगळं असेल) आणि मग परत बघा. हा फरक लहान वाटतो पण इथे तासभर जातो, कारण बऱ्याच कार्डांमध्ये इंटरफेस डाऊन असला की ड्रायव्हर पोर्टच झोपवतो, मग स्विचवर पण नॉटकनेक्ट दिसतं आणि आपण चांगली केबल काढून दुसरी घालत बसतो. उलटंही होतं, मशीन बंद असताना सुद्धा पोर्टचा लाईट लुकलुकत असतो कारण वेक-ऑन-लॅनसाठी (नेटवर्कवरून मशीन चालू करायची सोय) कार्ड जागं ठेवलेलं असतं. म्हणून लाईटवर जास्त विश्वास ठेवू नका. लाईट म्हणजे दारावरची बेल वाजली एवढंच, आत कोण आलं ते नाही कळत.

मग ईथटूल ईनो१. यात तीन गोष्टी बघायच्या, स्पीड, डुप्लेक्स (दोन्ही बाजू एकाच वेळी बोलतात ते फुल, आळीपाळीने ते हाफ) आणि लिंक डिटेक्टेड. विंडोज सर्व्हर असेल तर पॉवरशेलमध्ये गेट-नेटअ‍ॅडॅप्टर मारलं की लिंक स्पीड कळतो.

आता स्विचकडे जा आणि शो इंटरफेस स्टेटस. कनेक्टेड आलं तर ठीक. नॉटकनेक्ट म्हणजे केबल, एसएफपी (पोर्टमध्ये बसवायचं फायबरचं मॉड्यूल) किंवा समोरचं मशीन. डिसेबल्ड म्हणजे कोणीतरी मुद्दाम शटडाऊन केलंय, नो शट मारा पण आधी विचारा का केलं होतं. आणि एर-डिसेबल्ड म्हणजे स्विच रागावलाय, त्याने स्वतःच पोर्ट बंद केलाय, तो प्रकार वेगळा, खाली येतोच.

पण त्याआधी, हा पोर्ट नक्की तोच आहे ना? केबलच्या लेबलवर लिहिलंय १४, तुम्ही १४ नंबरचा पोर्ट बघताय, तो छान अप आहे, ट्रॅफिक चालू आहे, आणि सर्व्हर मात्र मेलेला. एकदा माझी पूर्ण दुपार यात गेली, कारण रॅकमध्ये स्विच होते दोन आणि लेबल लावणाऱ्याने खालच्या स्विचचा १४ म्हटलेलं. तेव्हापासून मी लेबल वाचतो पण मानत नाही. लिंक अप असेल तर एलएलडीपी (मशीन शेजाऱ्याला स्वतःची ओळख सांगतात तो प्रोटोकॉल) वापरा, सर्व्हरवर एलएलडीपीडी टाकलं की एलएलडीपीसीटीएल कमांड सरळ सांगते की तुम्ही अमुक नावाच्या स्विचच्या अमुक पोर्टला आहात, फक्त स्विचवर एलएलडीपी चालू पाहिजे. इंटेलच्या एक्स७१० सारख्या कार्डांमध्ये एक गंमत आहे, कार्डाचं फर्मवेअरच एलएलडीपीची पाकिटं मधल्यामधे खाऊन टाकतं आणि लिनक्सपर्यंत काही पोचतच नाही, तिथे ईथटूलच्या प्रायव्हेट फ्लॅगमधून फर्मवेअरचं एलएलडीपी बंद करावं लागतं. एलएलडीपी नसेल तर सर्व्हरच्या कार्डाचा ओळख-नंबर म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस घ्या आणि स्विचवर शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबलमध्ये शोधा. आणि सर्व्हरला चार पोर्ट असतील आणि ईनो१ नक्की कुठला ते कळत नसेल तर ईथटूल मायनस पी ईनो१, त्या पोर्टचा लाईट लुकलुकायला लागतो, मागे जाऊन बघायचं. ही कमांड माहीत नसल्यामुळे लोक केबल उपसून बघतात, चालू सर्व्हरच्या, देवा रे.

केबल, म्हणजे निम्मी दुखणी

एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तक्रार होती की रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत संपत नाही, आधी दोन तासात व्हायचा. पिंग व्यवस्थित, एक पण ड्रॉप नाही, सगळे म्हणाले डिस्क स्लो झाली असेल, नवीन डिस्कचं कोटेशन पण आलं होतं. मी ईथटूल मारलं तर स्पीड १०० एमबी. स्विचकडे बघितलं तर तिकडे पण १००. दोघांची जबानी जुळतेय, पण दोघंही गिगाबिटवाले असताना शंभरवर का बसलेत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. रॅकच्या मागे गेलो तर केबल दाराच्या बिजागरीतून काढलेली, दार दर वेळी बंद होताना ती चेपत होती, बोटाने दाबून बघितलं तर वरचं आवरण चिरलेलं आणि आतली तपकिरी जोडी तुटून नुसती लोंबत होती. सत्तर-ऐंशी रुपयांचा पॅच कॉर्ड बदलला, बॅकअप परत दोन तासात.

हे का होतं ते समजून घ्या, मग कायम लक्षात राहील. १०० एमबीला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, १-२ आणि ३-६ नंबरच्या पिना, म्हणजे नारंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी तुटली की बरीच कार्डं गिगाबिटचा प्रयत्न करून गुपचूप शंभरवर उतरतात आणि कोणाला काही सांगत नाहीत, काही कार्डं मात्र खाली उतरत नाहीत, ती लिंक अप-डाऊन अप-डाऊन करत बसतात. म्हणजे गिगाबिट पोर्ट १०० दाखवतोय म्हटलं की आधी केबल, मग बाकीचं जग. क्रिम्पिंग घरच्या घरी केलं असेल तर क्रम बघा, पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काही लोक दोन्ही टोकांना सारखाच पण मनाचा क्रम लावतात, निळा-पांढरा निळा, हिरवा-पांढरा हिरवा असं ओळीने, स्वस्तातला टेस्टर आठही दिवे हिरवे दाखवतो कारण तार सलग आहे, पण ३ आणि ६ वेगवेगळ्या जोड्यांवर गेल्याने पीळच चुकलेला असतो आणि लोड आला की एरर सुरू. टेस्टर हिरवा म्हणजे केबल चांगली असं नाही हो.

लांबी १०० मीटर, त्यात ९० भिंतीतली आणि १० दोन्हीकडचे पॅच कॉर्ड मिळून. कारखान्यात एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये तांब्याची केबल नेलेली असेल तर मला विचाराल तर ती आजच काढा आणि फायबर टाका, मे-जूनच्या वळवात वीज कडाडली की एका झटक्यात स्विचचे चार-पाच पोर्ट आणि सर्व्हरचं कार्ड दोन्ही जातं. असा भाजलेला पोर्ट कधीकधी पूर्ण मरत नाही, लिंक दाखवतो पण पाकीट सोडत नाही. म्हणून केबल बदलून फरक पडला नाही तर तीच केबल स्विचच्या दुसऱ्या पोर्टला लावा, नवीन पोर्टचं व्हीलॅन (एकाच स्विचचे नंबर देऊन पाडलेले वेगळे कप्पे) आधीच्यासारखं करून मगच, नाहीतर एक दुखणं शोधताना दुसरं लावून घ्याल. एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, पोर्ट आणि आयपी तिन्ही एकदम बदललं आणि चालू झालं तर काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही आणि पुढच्या महिन्यात परत याल.

रॅकपर्यंत जाता येत नसेल तर बऱ्याच सिस्को स्विचमध्ये केबल टेस्ट आतच असते, टेस्ट केबल-डायग्नोस्टिक्स टीडीआर इंटरफेस असं काहीसं, ती कुठली जोडी किती मीटरवर तुटली ते सांगते. टेस्ट चालू असताना लिंक जाऊ शकते हे लक्षात ठेवा.

फायबर असेल तर पटकन तीन गोष्टी. दोन तारांची अदलाबदल करून बघा, इकडचा टीएक्स (पाठवणारा) तिकडच्या आरएक्सला (घेणाऱ्याला) जायला हवा. एसएफपीची जोडी बघा, एसआर म्हणजे ८५० नॅनोमीटर मल्टिमोड, एलआर म्हणजे १३१० सिंगलमोड, एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरा लावलेला असेल तर विसरा. आणि ईथटूल मायनस एमने आत येणारा प्रकाश किती आहे तो आकडा बघा, तो अगदी पडलेला असेल तर कनेक्टर पुसा, फुंकर मारू नका, थुंकी उडते. काही स्विच दुसऱ्या कंपनीचा एसएफपी घेत नाहीत, तेव्हा लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहून येतं. २५ जीबीची लिंक असेल आणि सगळं बरोबर असून उठत नसेल तर एफईसीची (चुका आपोआप दुरुस्त करायची) सेटिंग दोन्हीकडे सारखी आहे का ते बघा, यात मी एक रविवार घालवलाय.

ऑटो ठेवा, हात लावू नका

डुप्लेक्सचा घोळ आता कमी झालाय पण जुन्या मशीनच्या कार्डांवर, सीएनसी जोडलेल्या पीसीवर अजून भेटतो. कोणीतरी कधीतरी स्विचवर १०० फुल असं फिक्स करून ठेवतो, सर्व्हर ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी बोलून ठरवण्यावर, असतो. आता समोरचा बोलणी करायलाच तयार नाही म्हटल्यावर सर्व्हर सिग्नलवरून स्पीड १०० ओळखतो, पण डुप्लेक्स ओळखायला काही मार्ग नसतो, मग नियमाप्रमाणे तो हाफ धरतो. एक फुल, एक हाफ. पिंग मस्त जातो कारण पाकीट लहान आणि एकटं, पण फाईल कॉपी लावली की रांगत जातं. इथे दोघांच्या जबान्या शेजारी ठेवल्या की दोन सेकंदात दिसतं. नुसते काउंटर बघितले तरी कळतं, हाफवाल्याकडे लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी) वाढतात आणि फुलवाल्याकडे सीआरसी एरर (मोडकी पोचलेली पाकिटं). उपाय, दोन्हीकडे ऑटो. तांब्यावरच्या गिगाबिटला तर ऑटो-निगोशिएशन सक्तीचंच आहे, तिथे फिक्स करण्यात काही शहाणपणा नाही.

काउंटर बघायची एक पद्धत आहे. तीन वर्षांपूर्वीपासून साठलेले ५००० सीआरसी बघून घाबरायचं नाही. आकडा लिहून ठेवा किंवा क्लिअर काउंटर्स मारा, दहा मिनिटं मोठी फाईल कॉपी करा, परत बघा. वाढतोय का एवढाच प्रश्न. सर्व्हरकडे ईथटूल मायनस कॅपिटल एस, स्विचकडे शो इंटरफेस. सीआरसी नेहमी पाकीट घेणाऱ्याकडे मोजला जातो, म्हणजे स्विचवर वाढत असेल तर सर्व्हरकडून येणाऱ्या बाजूला लोचा आहे, पाठवणारं कार्ड, केबल किंवा घेणारा पोर्ट.

लिंक चांगली, एरर शून्य, तरी पिंग नाही

इथून पुढे व्हीलॅनचा प्रांत. सर्व्हरवरून गेटवेला (बाहेरच्या नेटवर्कला जायचं दार) पिंग मारा, फेल होईलच, मग आयपी नेबर बघा. गेटवेसमोर फेल्ड किंवा इनकम्प्लीट असेल तर आर्पलाच (हा आयपी कोणाच्या मॅकचा ही विचारणा) उत्तर आलं नाही, म्हणजे गोष्ट लेअर दोनवर, आयपीच्या खालच्या थरावर, अडकलीय. मॅक अ‍ॅड्रेस दिसतोय, रीचेबल आहे, तरी पिंग नाही, तर नेटवर्कला शिव्या देणं थांबवा, समोर बहुतेक फायरवॉल आहे. विंडोज सर्व्हर तर नव्याने टाकला की साधारण पिंगला उत्तरच देत नाही, त्यावरून "सर्व्हर डाऊन" म्हणून मेल टाकणारे बघितलेत. स्वतःच्या सर्व्हरचा सबनेट मास्क (आपलं नेटवर्क केवढं ते सांगणारा) पण तेवढ्यात तपासा, /२४ च्या जागी /२५ लिहिलेलं असतं आणि निम्मी मशीन दिसतात, निम्मी नाहीत. १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला तर डीएचसीपीकडून (आपोआप आयपी वाटणारा) काही आलंच नाही.

व्हीलॅनमध्ये प्रश्न एकच असतो, टॅग, म्हणजे पाकिटावर व्हीलॅनचा नंबर, कोण लावतंय. स्विचचा पोर्ट अ‍ॅक्सेस (एकाच व्हीलॅनचा) असेल तर सर्व्हरने साधं विनाटॅग पाकीट पाठवायचं. पोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅन एकाच केबलवर) असेल तर सर्व्हरवर ईनो१.३० सारखा टॅगवाला इंटरफेस पाहिजे, नाहीतर पाकीट नेटिव्ह (विनाटॅग पाकिटांसाठीच्या) व्हीलॅनमध्ये जाऊन पडतं, जे बहुतेक वेळा १ असतं आणि तिथे कोणी नसतं. दोघांपैकी नक्की कोण काय पाठवतंय ते बघायला टीसीपीडम्प मायनस ई मायनस एन लावा, टॅग लावलेल्या प्रत्येक पाकिटासमोर व्हीलॅनचा नंबर दिसतो. समोरून ब्रॉडकास्ट येतायत पण व्हीलॅन ३० चा टॅग लावून, आणि आपला इंटरफेस विनाटॅग, झालं, सापडलं.

या भागातली एक चूक मी स्वतः केलीय आणि भर दुपारी केलीय. ट्रंकवर १०, २०, ४० आधीच चालू होते, मला ३० घालायचा होता, मी लिहिलं स्विचपोर्ट ट्रंक अलाऊड व्हीलॅन ३०. मधे अ‍ॅड शब्द राहिला. स्विचने आज्ञाधारकपणे जुने सगळे काढले आणि फक्त ३० ठेवला. फोन वाजायला लागले तेव्हा मी समोर बसून म्हणतोय, "मी तर फक्त एक वाढवला." आता ती कमांड टाईप केली की एंटर मारायच्या आधी अ‍ॅडवर बोट ठेवून वाचतो. आणखी एक, ट्रंकवर व्हीलॅन अलाऊ केला पण स्विचवर तो व्हीलॅन तयारच केला नाही असंही होतं, शो व्हीलॅन ब्रीफमध्ये नाव आहे का ते बघा. आणि शब्दाचा गोंधळ, सिस्कोत ट्रंक म्हणजे टॅगवाला पोर्ट, एचपीच्या जुन्या प्रोकर्व्हमध्ये ट्रंक म्हणजे दोन-तीन पोर्ट एकत्र बांधणं. फोनवर "पोर्ट ट्रंक कर" सांगितलं आणि समोरच्याने दुसरंच केलं, चूक कोणाचीच नाही.

आता तो रागावलेला पोर्ट. शो इंटरफेस स्टेटस एर-डिसेबल्ड मारलं की कारण पण दिसतं. पोर्ट सिक्युरिटी असेल तर मूळ सेटिंगला एकच मॅक चालतो, सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन आलं की दुसरा मॅक दिसतो आणि पोर्ट धाडकन बंद, किंवा कार्ड बदललं आणि जुना मॅक चिकटवून ठेवलेला. बीपीडीयू गार्ड (स्विच एकमेकांना पाठवतात ते निरोप आले की पोर्ट बंद करणारा) असेल तर त्या पोर्टच्या मागे कोणीतरी स्विच लावलाय किंवा सर्व्हरमध्ये ब्रिज बनवून लूप झालाय. कारण दूर करा, मगच शट, नो शट. नुसतं शट-नो शट करून पळालात तर अर्ध्या तासात परत फोन.

आणि सर्व्हर चालू झाल्यावर अर्धा मिनिट नेटवर्क नसतं, मग आपोआप येतं, त्यात डीएचसीपी किंवा नेटवर्क बूट हुकतं, हा स्पॅनिंग ट्रीचा (लूप होऊ नये म्हणून स्विच पोर्ट आधी तपासतो, त्याचा) खेळ आहे, १५ सेकंद लिसनिंग आणि १५ सेकंद लर्निंग. सर्व्हरच्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट न बघायची सेटिंग) लावा, ट्रंक असेल तर पोर्टफास्ट ट्रंक. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर मात्र चुकूनही नको.

दोन केबल बांधल्या असतील तर

बाँडिंगमध्ये लक्षण विचित्र असतं, काही पीसीवरून सर्व्हर दिसतो, काहींवरून नाही, आणि एक केबल काढली की सगळं सुतासारखं सरळ. कॅट स्लॅश प्रॉक स्लॅश नेट स्लॅश बाँडिंग स्लॅश बाँड० बघा. मोड ८०२.३एडी आहे पण पार्टनर मॅक सगळा शून्य शून्य शून्य, म्हणजे समोरचा स्विच एलएसीपी (केबल एकत्र बांधायची बोलणी) बोलतच नाहीये. दोन पोर्टचे अ‍ॅग्रिगेटर आयडी वेगळे, म्हणजे केबल दोन वेगळ्या चॅनलमध्ये किंवा वेगळ्या स्विचमध्ये गेल्यात. स्विचवर शो ईथरचॅनल समरी. दोन्हीकडे पॅसिव्ह ठेवलं तर दोघंही "आधी तू बोल" करत बसतात, एकीकडे तरी अ‍ॅक्टिव्ह पाहिजे. आणि मोड लिहायचाच राहिला तर लिनक्स बाय डिफॉल्ट राऊंड रॉबिन घेतो, स्विचला तोच मॅक दोन पोर्टवर आळीपाळीने दिसतो आणि लॉग मॅक फ्लॅपिंगने भरतो. व्हीएमवेअरचा साधा स्टँडर्ड व्हीस्विच असेल तर त्याला एलएसीपी येतच नाही, आयपी हॅश लावलं असेल तर स्विचवर चॅनल-ग्रुप मोड ऑन करा.

एमटीयूचं (एका पाकिटाची कमाल साईज) थोडक्यात, छोटं पिंग जातं आणि स्टोरेज किंवा बॅकअप लटकतं तर पिंग मायनस कॅपिटल एम डू मायनस एस ८९७२ मारून बघा, जंबो फ्रेम ९००० ठेवली असेल तर हेडरचे २८ वजा जाता एवढंच जातं, साध्या १५०० ला १४७२. हे नाही गेलं तर मधल्या कुठल्यातरी स्विचवर जंबो चालू करायचं राहिलंय.

चालू झालं की आनंदात घरी पळू नका. आयपी अ‍ॅडने हाताने दिलेला आयपी रीबूटला उडतो, तो नेटप्लॅन किंवा नेटवर्क मॅनेजरमध्ये लिहा. स्विचवर राईट मेमरी मारा, लाईट गेले आणि यूपीएसने दगा दिला की जुनी कॉन्फिग परत येते आणि मग तीच रात्र पुन्हा. पोर्टला डिस्क्रिप्शन द्या, सर्व्हरचं नाव आणि कुठला इंटरफेस. केबलच्या दोन्ही टोकांना नवीन लेबल लावा, आणि त्यावर १४ लिहिताना कुठल्या स्विचचा १४ तेही लिहा.